घरचे इंजिन

कर्वेनगरात राहणाऱ्या माणसाला इंजिन हा शब्द परका नाही. १९६२ साली किर्लोस्कर कमिन्स निघाली, शेजारच्या कोथरुडात तिचा कारखाना उभा राहिला, आणि आमच्या भागात दर चार घरांआड डिझेल इंजिनाच्या पगारावर वाढलेला एक तरी माणूस भेटू लागला. पुढे १९९१ साली महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने इथेच मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढले. त्याच्याही नावात कमिन्स आहेच. त्यामुळे माझा भाचा एका रविवारी चहा पिता पिता म्हणाला, "मामा, आमच्या कंपनीत आम्ही स्वतःचं इंजिन बनवतोय," तेव्हा मी बिस्किट बुडवत अगदी सहज विचारले, "किती हॉर्सपॉवरचं?"

भाच्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मी ओळखतो. बँकेतली मुलगी मला 'ओटीपी सांगा' म्हणते आणि मी तिला घरचा पत्ता सांगू लागतो, तेव्हा ती अशीच बघते.

"मामा, गेम इंजिन. आम्ही मोबाईलवरचे खेळ बनवतो ना, त्याचं."

मग त्याने मला समजावून सांगितले. समजा, पडद्यावर एक मावळा गडाच्या बुरुजावरून उडी मारतो. आता उडी मारल्यावर तो खाली आला पाहिजे, जमिनीला पाय लागल्यावर थांबला पाहिजे, त्याची सावली योग्य बाजूला पडली पाहिजे, धप्पकन आवाज झाला पाहिजे, आणि हे सगळे चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने काढले गेले पाहिजे. हा मावळा कोण, तो उडी का मारतो, खाली त्याची वाट कोण पाहते आहे, हा झाला खेळ. आणि उडी, जमीन, सावली, आवाज हे सांभाळणारी जी यंत्रणा प्रत्येक खेळाच्या पोटात असते, ते इंजिन.

"मग हे बाजारात तयार मिळत नाही का?"

"मिळतं की! युनिटी आहे, अनरिअल आहे. गोडो तर चक्क फुकट आहे."

"मग तुम्ही कशाला बनवताय?"

भाचा जरा थांबला. "आमच्या फाउंडरचं व्हिजन आहे," तो म्हणाला.

आमच्या कर्वेनगरात फाउंडर म्हणजे संस्थापक म्हटले की अण्णासाहेब कर्वे डोळ्यांपुढे येतात. पांढरी दाढी, डोक्यावर पगडी, फोटोला हार. भाच्याचा फाउंडर बत्तीस वर्षांचा असून हाफ पँट घालून ऑफिसला येतो. पण व्हिजन आहे म्हटल्यावर मी गप्प बसलो. शिवाय त्या वेळी बोलण्याचा मला नैतिक अधिकारही नव्हता. कारण नुकतीच मी घरघंटी आणली होती.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. घरघंटी म्हणजे कपाटाएवढी पिठाची गिरणी, जी घरात ठेवायची असते. आमच्या कोपऱ्यावरचा गिरणीवाला गव्हात ज्वारी मिसळतो, पीठ जाड काढतो आणि वजनात मारतो, असा माझा जुना संशय. प्रदर्शनात एका गोड बोलणाऱ्या माणसाने सांगितले, "काका, आपलं धान्य, आपलं पीठ, आपला कंट्रोल!" हे 'आपला कंट्रोल' ऐकले आणि माझ्यातला लोकमान्य जागा झाला. तीन दिवसांनी ते धूड आमच्या स्वयंपाकघरात उभे राहिले. मग त्याच्या जाळ्या आल्या: गव्हाची वेगळी, तांदळाची वेगळी, बेसनाची वेगळी. ज्वारीची जाळी गव्हाला लावली की पीठ नको तसे येई. पावसाळ्यात धान्य सादळे आणि पीठ आतच गच्च बसे. दुपारी घरघंटी सुरू केली की खालच्या मजल्यावरचे आजोबा भूकंप झाला असे समजून पायरीवर येऊन उभे राहत. मी दर शनिवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिच्यापुढे बसू लागलो. दोन महिन्यांनी आमची ही शांतपणे म्हणाली, "अहो, पूर्वी शनिवारी आपण पोळ्या खायचो."

तर असा मी, घरघंटीवाला माणूस, भाच्याच्या इंजिनाला काय बोलणार?

पण पुढे दोन वर्षे मी ते इंजिन पाहिले, आणि आता मी बोलणार आहे. माझे म्हणणे असे की, वीस-बावीस पोरांच्या कंपनीने आपला खेळ कोणता हे ठरण्याआधी आपले इंजिन बनवायला घेणे हा स्वाभिमान नव्हे, तो हट्ट आहे. आणि त्या हट्टाचे बिल हट्ट करणाऱ्याच्या नावावर कधीच फाटत नाही.

त्यांचे ऑफिस कर्वेनगरातच, एका भाड्याच्या बंगल्यात. दिवाळीला मी फराळाचा डबा द्यायला गेलो होतो. हॉलमध्ये एक मुलगी कानात बोंडे घालून मोबाईलवर सिनेमा पाहत बसली होती. ती चित्रकार. तिने गडाचा बुरूज काढला होता, तो मला दाखवला. काय सांगू! दगडांच्या फटींतले गवतसुद्धा काढले होते.

"वा! मग खेळात कधी दिसणार?"

"काका, सहा महिने झाले तयार आहे. पण तो इंजिनात घालायचं टूल अजून झालेलं नाही." आणि ती पुन्हा सिनेमा पाहू लागली.

इथे मला पहिल्यांदा कळले की इंजिन म्हणजे नुसता मावळा उडवण्याचा हिशेब नव्हे. चित्रकाराने काढलेले चित्र आत घ्यायची सोय, गडावर झाडे-तोफा मांडायची सोय, चूक कुठे झाली ते शोधायची सोय, ही सगळी हत्यारेही आपणच घडवायची. विकतच्या इंजिनाबरोबर ती आयती येतात. इथे सुताराला आधी करवत बनवून मिळायची होती, आणि लोहार अजून भाता शिवत होता.

भाच्याने मोठ्या उत्साहाने मला मावळा दाखवला. मावळ्याने उडी मारली. तो बुरुजावर आला आणि बुरुजातून खाली गेला. पायथ्यातून खाली गेला. मग जमिनीतून गेला आणि निळ्या पोकळीत पडतच राहिला. "हे माहितीये आम्हांला," भाचा घाईघाईने म्हणाला, "हे फिजिक्स ज्यानं लिहिलं होतं तो बंगळूरला गेला." त्याने लिहिलेल्या भागावर 'इथे हात लावू नये' एवढीच सूचना होती, आणि ती सगळ्यांनी पाळली होती. नवा माणूस घ्यावा तर हे इंजिन जगात दुसऱ्या कुणालाच येत नाही. शिकवण्यात चार महिने जातात. एका फोनवर आकाश निळे दिसे, दुसऱ्या फोनवर जांभळे. तिसऱ्या फोनवर आकाशच नव्हते.

"आणि खेळ काय आहे नक्की?" मी विचारले.

"तो इंजिन झाल्यावर ठरवायचाय," भाचा म्हणाला.

त्या दिवशी त्यांच्या फाउंडरशी माझी गाठ पडली. माणूस वाईट नाही. चकली त्याने तीनदा मागून घेतली. पण त्याने माझ्यापुढे जे मुद्दे मांडले, त्यांना तेव्हा मला उत्तर सुचले नाही. पुणेरी माणसाला उत्तर जिना उतरताना सुचते. म्हणून आता देतो.

पहिला मुद्दा, परम. "काका, विजय भटकरांनी परम संगणक पुण्यातच केला ना? तेव्हाही लोक विकत घ्या म्हणत होते." मुद्दा बिनतोड वाटतो. पण जरा आठवून पाहा. ऐंशीच्या दशकात भारताला हवा होता तो क्रे महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला. म्हणजे दुकानदारानेच फळी लावली. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघाली, आणि १९९१ साली परम ८००० जगापुढे आला. इथे काम आधी ठरलेले होते, दुकान बंद होते, पाठीशी सरकार होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या परमच्या पोटात ट्रान्सप्यूटर नावाच्या ज्या चिपा होत्या, त्या इंग्लंडातल्या इनमॉस कंपनीच्या होत्या. भटकरांच्या मंडळींनी चिपा करत बसण्यात वर्षे घालवली नाहीत. मिळत होते ते आणले आणि मिळत नव्हते ते केले. घरचे पीठ हवे म्हणून कुणी गव्हाची पेरणी करत नाही. परमचे नाव घेणाऱ्याने परमची ही अर्धी गोष्टही सांगावी.

दुसरा मुद्दा, पैसा. "अनरिअलवाले रॉयल्टी घेतात." घेतात ना! पण कधी? एका खेळाची कमाई दहा लाख डॉलरच्या वर गेली, की वरच्या रकमेवर साधारण पाच टक्के. मी भाच्याला विचारले, "तुमची आतापर्यंतची कमाई किती?" तर म्हणे खेळ अजून बाजारात आलेलाच नाही. लॉटरीचे तिकीट काढण्याआधी बक्षिसावरचा आयकर वाचवण्यासाठी दोन वर्षे सी.ए.कडे खेटे घालणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. त्याने हाफ पँट घातली होती.

तिसरा मुद्दा मात्र खरोखर जड होता, आणि तो मी लपवणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी कंपनीने एका सकाळी जाहीर केले, की पुढच्या जानेवारीपासून ठरावीक कमाई आणि ठरावीक संख्या ओलांडली, की खेळ नव्याने उतरवून घेणाऱ्या प्रत्येक माणसामागे पैसे पडतील. म्हणजे दळण दळून झाले, दळणावळ देऊन झाली, चकल्या झाल्या, आणि मग गिरणीवाला दारात येऊन विचारतो, "पाहुणे किती आले होते? माणशी एवढे द्या." जगभर बोंब झाली. दहाच दिवसांत कंपनीने अटी सैल केल्या आणि वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, तो आकार रद्दच केला. पण विश्वास गेला तो गेला. आपला सगळा संसार दुसऱ्याच्या गिरणीवर, आणि तो कधी काय मागेल याचा नेम नाही, ही भीती खोटी नाही. माझ्या घरघंटीच्या मुळाशीही हीच भीती होती.

पण या भीतीवर उपाय कोणता? एक गिरणीवाला लबाड निघाला तर शहाणा माणूस दुसऱ्या गिरणीत जातो. आणि इथे तर तिसरी सोय आहे. गोडो हे अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलेले इंजिन २०१४ पासून सर्वांना खुले आहे. फुकट घ्या, उघडून पाहा, हवा तो भाग बदला, रॉयल्टी नाही. ज्यांना 'आपला कंट्रोल' हवा आहे त्यांनी तिथे जाऊन चार सुधारणा कराव्यात. आपलेही भागेल आणि दुसऱ्याचेही. पण त्यात एक गैरसोय आहे. गुंतवणूकदारापुढे 'आमचे स्वतःचे इंजिन' असे मोठ्या अक्षरांत लिहिता येत नाही.

बरे, हा त्रास फक्त गरिबांना होतो असेही नाही. पोलंडमधली सीडी प्रोजेक्ट रेड ही मातबर कंपनी. तिचे स्वतःचे इंजिन होते. डिसेंबर २०२० मध्ये तिने 'सायबरपंक २०७७' हा खेळ काढला, आणि जुन्या यंत्रांवर तो इतका अडखळू लागला, की सोनीने काही महिने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. पुढे खेळ दुरुस्त झाला, नावाजलाही गेला. पण मार्च २०२२ मध्ये त्या कंपनीने जाहीर केले, की यापुढे आम्ही अनरिअल वापरणार. 'हेलो' हा खेळ करणाऱ्यांच्या पाठीशी तर मायक्रोसॉफ्ट उभी. त्यांनीही स्वतःचे इंजिन बाजूला ठेवून अनरिअलकडे जात असल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले. आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचे फ्रॉस्टबाइट! ते स्वीडनमध्ये बंदुकांच्या खेळासाठी बनले. तेच मग कॅनडातल्या बायोवेअरच्या मंडळींनी कथेच्या खेळांसाठी वापरले, तेव्हा पात्राच्या पिशवीत वस्तू ठेवणे यासारख्या साध्या सोयीही त्यांना नव्याने कराव्या लागल्या. ज्वारीच्या जाळीतून गहू काढला की काय होते, हे मला विचारा.

"पण स्वतःचं इंजिन करून गाजलेले लोकही आहेत!" आहेत की. १९९३ साली अमेरिकेत 'डूम' आला, तो मूठभर पोरांनी केला होता आणि इंजिन त्यांचेच, जॉन कारमॅकचे. गेम इंजिन हा शब्द रूढ झाला तोच त्या सुमारास. पण त्या पोरांना कोणता खेळ करायचा आहे हे ठाऊक होते, आणि तसा खेळ चालवणारे इंजिन तेव्हा दुकानात मिळत नव्हते. इंजिन खेळाबरोबर वाढले. खेळ बाजूला ठेवून आधी इंजिनाची मुंज केली नाही.

आणि फार लांब कशाला, आपल्या पुण्यातच पाहा. नॉडिंग हेड्स नावाच्या छोट्या कंपनीने २०२० साली 'राजी' हा खेळ काढला. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची गोष्ट. महाल राजस्थानी वळणाचे, मधली चित्रे पहाडी शैलीची, आणि देवदेवता आपल्याच. त्याआधी २०१७ साली लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी पोरांनी चिकाटी सोडली नाही. खेळ जगभर गेला, २०२० च्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांच्या नामांकनांत बसला. इंजिन कोणते? अनरिअल. विकतचे. म्हणून राजी अमेरिकन झाली का? दुर्गेचे त्रिशूळ हातात घेतलेल्या त्या पोरीला 'तुझं दळण कुठल्या गिरणीतलं?' असे कुणीही विचारले नाही.

स्वदेशी म्हणतात ते याला. गोष्ट आपली हवी, चित्र आपले हवे, त्यातला राग-लोभ आपला हवा. सावली कुठे पडते याचे गणित पुण्यातही तेच आणि पोलंडातही तेच.

शेवटी आमच्या अण्णासाहेबांचीच साक्ष काढतो. १९०० साली या हिंगण्याच्या माळावर त्यांनी आश्रमासाठी झोपडी उभारली. स्वतः फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत आणि तिथून पायी इथे येत. पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, त्याची कल्पना जपानच्या महिला विद्यापीठावरच्या एका पुस्तिकेतून उचलली होती, आणि तसे सांगायला त्यांना कमीपणा वाटला नाही. झोपडी होती ती आतल्या मुलींसाठी. आधी आदर्श झोपडीचा आराखडा करू, कौले घरी भाजू, मुलींचे नंतर बघू, असे अण्णा म्हणाले असते, तर आज कर्वेनगराला हिंगणेच म्हणत असते.

भाच्याच्या कंपनीचे काय झाले ते सांगायचे राहिले. दोन वर्षांनी पैसे आटले. एका शुक्रवारी चार वाजता सर्वांना हॉलमध्ये बोलावून फाउंडरने सांगितले, की इंजिन थांबवतो आहोत, विकतच्या इंजिनावर नव्याने सुरुवात करू. फक्त बाराजणांना यायची गरज नाही. त्या बारांत भाचा होता. बुरूज काढणारी मुलगीही होती. व्हिजन ज्याचे होते तो बारांत नव्हता.

रात्री भाचा आमच्याकडे आला. हिने पिठले-भाकरी वाढली. तो मान खाली घालून जेवला. घराचे हप्ते डोक्यावर, आणि मुलाखतीला जावे तर सांगायचा अनुभव दोन वर्षांचा, तोही अशा इंजिनाचा, जे जगात एकाच बंगल्यात चालत होते. हात धुताना म्हणाला, "मामा, दोन वर्षांत मी इंजिनाच्या चुका किती सोडवल्या, याची मोजदाद नाही. पण आमचा खेळ एकदाही कुणी खेळलं नाही. एकदाही नाही."

मी काही बोललो नाही. ही म्हणाली, "अरे, पुरणपोळी करायची तर पुरणयंत्र कुणी घरी ओततं का? ज्याला पोळी करायची असते तो पुरण शिजवायला घेतो." भाचा कसनुसा हसला. मामीच्या पुढे फाउंडरचेसुद्धा काही चालले नसते.

ही गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. परवा भाचा पुन्हा आला होता. आता दुसरीकडे नोकरी करतो, आणि शनिवार-रविवार तो, ती चित्रकार मुलगी आणि आणखी दोघे मिळून फुकटच्या इंजिनावर एक छोटासा खेळ करताहेत. त्याने फोन माझ्या हातात दिला. तोच बुरूज, फटींतले तेच गवत. मी मावळ्याला उडी मारायला लावली आणि तो पडला. नऊ वेळा पडला. पण गडावरून पडला, गडातून नव्हे. दहाव्यांदा तो पलीकडच्या तटावर पोचला, तेव्हा मी एवढ्याने ओरडलो की खालचे आजोबा पायरीवर आले.

त्यांना वाटले, घरघंटी पुन्हा सुरू झाली. नाही झाली. तिच्यावर हिने विणलेला रुमाल टाकला आहे आणि वर मनीप्लँटची कुंडी ठेवली आहे. यंदाची भाजणी कोपऱ्यावरच्या गिरणीतून आली. गिरणीवाल्याने वजनात मारले असणार, याबद्दल माझी खात्री आहे. पण आजोबांना आत बोलावून चकली दिली, तर त्यांनी दुसरी मागून घेतली.